दगडाचं पीठ

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

इगतपुरीच्या माणसाला रेडिओवर बोलायला बसवलं, की पाऊस, धुकं, घाटातले धबधबे किंवा धम्मगिरीचं विपश्यना केंद्र यांपैकी काहीतरी ऐकायला मिळेल, अशी लोकांची अपेक्षा असते. मी आज बोलणार आहे ते दगडाच्या पिठाबद्दल. माझी नोकरीची सगळी वर्षं नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत, विजेच्या उपकरणांना लागणाऱ्या इपॉक्सीच्या वस्तू ओतण्याच्या खात्यात गेली. सकाळच्या गाडीनं नाशिक रोड आणि संध्याकाळी परत, असं अप-डाउन. या धंद्यात रेझिन नावाचं मधासारखं दाट द्रव्य असतं. त्यात हार्डनर मिसळला की ते हळूहळू कडक होतं. आणि या दोघांबरोबर तिसरी एक गोष्ट पोत्या-पोत्यांनी पडते. ती म्हणजे मैद्यासारखी पांढरी सिलिका पावडर, अर्थात गारगोटीचं पीठ. धंद्यातला शब्द ‘फिलर’. मराठीत सरळ ‘भर’ म्हणावं.

आता भर म्हटलं की आपल्या मनात आधी शंका येते. दुधात पाणी, तिखटात विटेचा भुगा. भर म्हणजे भेसळ, असं आपलं समीकरण पक्कं झालेलं आहे आणि बाजारानं ते पक्कं करायला भरपूर मदत केली आहे. पण काही पदार्थ असे असतात की त्यांच्यात भर घातली नाही तर ते उभेच राहत नाहीत. ही गोष्ट माणसाला पुन:पुन्हा शिकावी लागली. आमच्या घाटाच्या आधारानं तो इतिहास सांगता येतो.

इगतपुरी तालुका भाताचा. इथल्या जुन्या घरांच्या कुडाच्या भिंती लिंपताना ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना ठाऊक असेल की नुसत्या मातीचा गिलावा चार दिवसांत तडकतो. म्हणून बायका शेणमातीत भाताचं तूस आणि बारीक काड मिसळायच्या. ओली माती वाळताना आक्रसते, पण ती कुडाला चिकटलेली असल्यामुळे मोकळेपणानं आक्रसू शकत नाही. मग ती मध्येच फाटते, आणि त्यालाच आपण तडा म्हणतो. तूस मातीइतकं आक्रसत नाही. शिवाय तडा सुरू झालाच, तर प्रत्येक काडीशी त्याला अडखळावं लागतं. इपॉक्सी आणि सिलिकाचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत बसतं. बाकीचं सगळं प्रमाणाचं.

हाच हिशेब घाटातल्या रेल्वेला लावून पाहा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. १८६१ मध्ये रूळ कसाऱ्यापर्यंत आले आणि पुढे सह्याद्री आडवा आला. कसारा ते इगतपुरी हा थळघाटाचा टप्पा १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. सव्वानऊ मैलांत ९७२ फुटांचा चढ, काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट, तेरा बोगदे आणि सहा दरीपूल. त्यातल्या एहेगावच्या पुलाची उंची १८० फुटांवर. दगड इथलाच काळा, आणि तो जोडायला चुना.

नुसता चुना मळून दोन दगडांत भरला तर तो वाळताना आक्रसतो आणि भुगा होऊन पडतो. म्हणून त्यात दोन-तीन पट वाळू घालतात. वाळू चुन्याशी काही देणंघेणं करत नाही, ती फक्त जागा अडवून बसते. पण तिच्या बसण्यामुळेच चुना टिकतो. सुरखीचं, म्हणजे विटेच्या भुकटीचं, तसं नाही. भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि ओलाव्यातसुद्धा चुना घट्ट होत जातो. म्हणजे भरीचे दोन प्रकार झाले. एक नुसती बसून राहणारी, आणि दुसरी चिकटणाऱ्या द्रव्याशी नातं जोडणारी. हा फरक पुढे पुन्हा लागणार आहे. (किल्ल्यांच्या चुन्यात गूळ, बेलफळ, उडीद घालत असं सांगतात. तो विषय मोठा आहे, आज नको.)

हे गणित चुकलं की काय होतं, हे शेजारच्या बोरघाटानं दाखवलं. तो घाट १८६३ मध्ये खुला झाला होता. जुलै १८६७ मध्ये, भर पावसाळ्यात, त्यातला मऊ-की-मळी नावाचा दगडी दरीपूल कोसळला. पूल बांधून धड दहा वर्षंही झाली नव्हती. चौकशीत बांधकामाचा दर्जाच निकृष्ट निघाला, आणि मग जी. आय. पी. रेल्वेला ठिकठिकाणचे पूल तपासून अनेक पुन्हा बांधावे लागले. दगडी बांधकामाची फसवणूक अशी, की दर्शनी दगड घडीव, सांधे रेखीव, आणि पोटात काय भरलंय ते बाहेरून कळत नाही. आमच्या ओतकामातही पोट दिसत नाही, म्हणून हे उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी सांगत असे.

१९३० मध्ये विजेची तार इगतपुरीला पोचली. १५०० व्होल्टची डीसी वीज. घाटात मालगाड्या ओढायला जी इंजिनं आली त्यातली पहिली काही स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यात बनलेली होती. इंग्रजीत त्यांना ‘क्रोकोडाइल’ म्हणत, पण आपल्या रेल्वेच्या माणसांनी त्यांचं नाव ठेवलं ‘खेकडा’. बाजूचे दांडे हलताना पाहिलेल्या कुणालाही ते नाव पटेल.

विजेच्या इंजिनात तांब्याची तार आणि लोखंड अगदी जवळजवळ नांदतात. मध्ये काहीतरी असं लागतं की वीज एकीकडून दुसरीकडे उडी मारणार नाही, आणि ते उष्णतेत, धक्क्यात, ओलाव्यात टिकलं पाहिजे. त्या काळी हे काम अभ्रकाचे पापुद्रे करत. ते एकमेकांना चिकटवायला लाख वापरत. अभ्रक बिहारच्या खाणींतलं आणि लाख आपल्या जंगलातली, म्हणजे विलायती मोटरच्या पोटात निम्मा कच्चा माल इथलाच. पण तिथेही तोच धडा आहे. नुसती लाख ठिसूळ आणि उन्हानं मऊ होणारी. अभ्रकाच्या संगतीत ती कामाला येते.

कारखान्यात बनवलेलं पहिलं पूर्ण कृत्रिम प्लॅस्टिक म्हणजे बेकेलाइट. लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये ते सिद्ध केलं. आपल्या घरातली ती जुनी काळी-तपकिरी बटणं आणि होल्डर याच बेकेलाइटचे. त्यातलं निम्म्याच्या जवळपास द्रव्य म्हणजे लाकडाचा बारीक भुसा. तो काढून टाकला तर बेकेलाइट बोटाच्या टिचकीनं तडकेल इतकं ठिसूळ होतं. त्याच सुमारास रबरातही असंच घडलं. टायरमध्ये काजळी घातली की ते कितीतरी जास्त टिकतं, हे लोकांच्या ध्यानात आलं, आणि टायर काळे झाले ते कायमचे.

इपॉक्सी आलं ते यानंतर. स्वित्झर्लंडमध्ये पिअर कास्टान नावाचे रसायनशास्त्रज्ञ दातांच्या कवळ्यांसाठी नवा पदार्थ शोधत होते. कवळीचं साहित्य कडक होताना आक्रसलं तर ती तोंडात बसणार कशी? कमी आक्रसणारं रेझिन त्यांना सापडलं, त्याचं पेटंट त्यांनी १९३८ मध्ये मागितलं. कवळ्यांच्या धंद्यात ते फारसं चाललं नाही. सिबा कंपनीनं हक्क घेतले आणि १९४६ मध्ये ‘अरल्डाइट’ या नावानं ते चिकटद्रव्य म्हणून बाजारात आलं. अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली हे त्याच काळात रंगांच्या दिशेनं त्याच रेझिनापाशी पोचले होते.

आपल्याकडे १९५६ मध्ये पिंपरीला डॉ. बेक अँड कंपनी सुरू झाली, विजेच्या मोटरना लागणारी व्हार्निशं आणि पुढे रेझिन बनवणारी. १९६० च्या सुमारास बलसाडजवळच्या अतुलला सिबाच्या भागीदारीत ‘सिबातुल’ निघाली आणि रेझिन देशात बनू लागलं. सर्वसामान्य माणसाच्या हातात इपॉक्सी आलं ते मात्र एम-सीलच्या रूपात. हे महिंद्रा समूहातल्या कंपनीचं उत्पादन, २००० मध्ये ते पिडिलाइटकडे गेलं. दोन रंगांच्या कांड्या कणकेसारख्या मळायच्या आणि गळक्या नळावर थापायच्या. आपण मळतो त्या गोळ्यात रेझिन थोडं असतं, बहुतेक भाग दगडाची पूड असते. तिच्यामुळेच तो गोळा ओघळत नाही, हाताला मळता येतो आणि नळावर जागच्या जागी बसून राहतो. नुसतं रेझिन असतं तर ते नळावरून ठिबकून बादलीत गेलं असतं.

आता माझ्या खात्यातली एक हकिगत सांगतो. मी नवीन होतो तेव्हाची. एका गिऱ्हाइकाकडून खरेदीचे साहेब पाहणीला आले. त्यांनी पावडरची पोती पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला. “आम्ही पैसे रेझिनचे देतो, तुम्ही दगड विकता?” असं ते सरळ म्हणाले. आमच्या फोरमननी समजावून पाहिलं. ते ऐकेनात. लेखी आलं, की पुढची खेप शुद्ध रेझिनची हवी. मालकांनी खांदे उडवले आणि ऑर्डर घेतली.

तो माल साच्यातून निघाला तेव्हा खात्यातले सगळे बघायला जमले होते. मधासारखा रंग, आरपार दिसणारा, आत तांब्याची कांडी चमकतेय. इतकं देखणं कास्टिंग आम्ही कधी काढलं नव्हतं. फोरमन काही बोलले नाहीत. रात्रपाळीला मी होतो. थंडीचे दिवस, भट्टीतून काढलेला माल टेबलावर मांडलेला. बाराच्या पुढे ‘टिक्’ असा आवाज आला. मग आणखी एक. सकाळपर्यंत बहुतेक सगळ्या नगांमध्ये तांब्याच्या कोपऱ्यापासून निघालेला, चांदीच्या पात्यासारखा चमकणारा तडा होता. आरपार दिसत असल्यामुळे तो कुठून कुठवर गेलाय हेही छान दिसत होतं. साहेबांना ते नग जसेच्या तसे खोक्यात घालून पाठवले. पुढच्या ऑर्डरवर ‘शुद्ध’ हा शब्द नव्हता.

याचं गणित साधं आहे. एक मीटर लांबीची तांब्याची पट्टी घ्या. तिचं तापमान शंभर अंश सेल्सियसनं उतरलं तर ती १.७ मिलिमीटर आखूड होते. ॲल्युमिनियमची २.३ मिलिमीटर. नुसतं इपॉक्सी रेझिन मात्र तेवढ्याच फरकानं सुमारे ६ मिलिमीटर आक्रसतं. आमचा माल १३० अंशांच्या आसपास भट्टीत पिकायचा आणि खोलीच्या तापमानाला यायचा, म्हणजे साधारण शंभर अंशांचाच फरक. आतलं तांबं थोडं आक्रसतं, बाहेरचं रेझिन तिप्पट-चौपट आक्रसू पाहतं, पण तांब्याला मिठी मारून बसलेलं असल्यामुळे त्याला आक्रसता येत नाही. अगदी त्या कुडाच्या भिंतीसारखं. आता याच रेझिनात वजनानं साठ-पासष्ट टक्के सिलिका घाला. सहा मिलिमीटरचे तीन-साडेतीन होतात. तांब्याशी भांडण संपत नाही, पण सोसता येण्याइतकं कमी होतं.

वजनाचे साठ टक्के ऐकून दचकू नका. गारगोटी रेझिनपेक्षा दुपटीहून जड आहे. वजनाचे साठ टक्के म्हणजे आकारमानाचे चाळीसच. सहा दशांश जागा रेझिनचीच असते.

दुसरा फायदा उष्णतेचा. रेझिन आणि हार्डनर यांच्या संयोगातून उष्णता निघते. भराभर कडक होणारं रेझिन किलोभर एका डब्यात नुसतंच मिसळून ठेवलं तर ते दीडशे अंशांपलीकडे तापून धूर सोडू शकतं. दगडाचं पीठ स्वतः उष्णता निर्माण करत नाही, उलट थोडी पिऊन घेतं, आणि ती बाहेरही लवकर पोचवतं. सिलिका भरलेलं इपॉक्सी नुसत्या इपॉक्सीच्या तीन-चार पट उष्णता वाहून नेतं. कॉइल चालू असताना तापते, तेव्हा हे पुन्हा कामाला येतं. शिवाय कडकपणा वाढतो, तोही तिप्पट वगैरे. एक गोष्ट मात्र कमी होते, ताणल्यावर लांबण्याची क्षमता. भर घातलेलं कास्टिंग वाकत नाही. वाकवायला गेलात तर तुटेल. फुकट काही मिळत नाही.

मग आणखी पीठ का घालू नये? सत्तर, ऐंशी टक्के? इथे एक अनपेक्षित पाहुणा येतो, आल्बर्ट आइनस्टाइन. १९०५ मध्ये लिहिलेल्या त्यांच्या पीएचडीच्या प्रबंधात एक साधा वाटणारा प्रश्न आहे. द्रवात बारीक गोळ्या तरंगत असतील तर तो द्रव किती दाट होतो? त्यांनी सूत्र दिलं. पुढे पॅरिसमध्ये प्रयोग झाले तेव्हा आकडे जुळेनात. आइनस्टाइननी आपल्या एका सहकाऱ्याला हिशेब तपासायला सांगितला, त्यात चूक सापडली, आणि १९११ मध्ये दुरुस्ती छापली गेली. दुरुस्त सूत्र सांगतं, की आकारमानाचे दहा टक्के कण घातले तर दाटपणा पंचवीस टक्क्यांनी वाढतो. सापेक्षतेचं सूत्र सगळ्यांच्या टी-शर्टवर असतं. हे दुसरं सूत्र रंग, सिमेंट, दूध आणि आमचं रेझिन यांच्या रोजच्या उपयोगाचं आहे, आणि ते कुणाला माहीत नसतं.

आइनस्टाइनचं सूत्र विरळ मिश्रणापुरतं खरं. कण दाटीनं आले की ते एकमेकांना खेटतात, आणि चाळीस टक्क्यांना दाटपणा दुप्पट व्हायच्या ऐवजी पाच-सात पट, कधी त्याहूनही जास्त होतो. दळलेल्या गारगोटीचे कण गोल नसून टोकेरी असतात, त्यामुळे आणखी अडचण. असं मिश्रण साच्याच्या बारीक खाचांत शिरत नाही, त्यातली हवा बाहेर पडत नाही. आणि राहिलेला हवेचा एकेक बुडबुडा म्हणजे विजेला ठिणगी टाकायला दिलेली खोली. तिथे वर्षानुवर्षं सूक्ष्म ठिणग्या पडत राहतात आणि एक दिवस इन्शुलेशन आतून पोखरलं जातं. म्हणून रेझिन गरम करून पातळ करायचं, निर्वात भांड्यात मिसळायचं, निर्वातातच ओतायचं. आणि कणांचे आकार निवडायचे. पोत्यात नुसते बटाटे भरले तर मध्ये पोकळ्या राहतात. त्यात हरभरे ओता, मग मोहरी ओता, पोतं तेवढंच राहतं आणि जड होतं. काँक्रीटसाठी खडी आणि वाळू यांचं प्रमाण ठरवतात ते याच हिशेबानं.

कण मोठे झाले तर दुसरंच संकट. स्टोक्सचा १८५१ चा नियम सांगतो, की कणाचा व्यास दुप्पट झाला तर तो द्रवात चौपट वेगानं खाली बसतो. रेझिन कडक व्हायच्या आत पीठ तळाशी गेलं, तर एकाच कास्टिंगचा खालचा भाग दगड आणि वरचा भाग नुसतं रेझिन. तडा कुठे जाणार, ते तुम्हीच सांगा.

इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून जास्त पाऊस पडतो. सिलिकाच्या कणाला पाण्याची ओढ असते. पावडर नीट सुकवली नाही, तर प्रत्येक कणाभोवती ओलाव्याचा एक पातळ थर राहतो, रेझिन दगडाला चिकटतच नाही, आणि पुढे त्याच फटीतून पाणी आत सरकतं. त्यावर निघालेला उपाय म्हणजे सिलेन. काचेच्या तंतूंसाठी शोधलेलं हे रसायन पुढे पिठालाही चोळलं जाऊ लागलं. त्याच्या रेणूचं एक टोक दगड धरतं, दुसरं टोक रेझिन. मघाशी वाळू आणि सुरखीचा फरक सांगितला होता, तो इथे आठवावा. वाळूसारखी नुसती बसलेली भर सुरखीसारखी नातं जोडू लागली. सिलेन लावलेले आणि न लावलेले असे दोन तुकडे पाण्यात उकळून मग त्यांची विद्युतरोधकता मोजली की फरक लगेच कळतो. आमच्याकडे ही चाचणी प्रत्येक नव्या पोत्यांच्या खेपेला होत असे.

आमच्या स्टेशनावर या सगळ्याला एक वेगळं महत्त्व होतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इगतपुरीच्या पुढे भुसावळकडे २५ हजार व्होल्टची एसी वीज आली, आणि मुंबईकडे जुनी १५०० व्होल्टची डीसी तशीच राहिली. दोन विजांची हद्द आमच्या फलाटावर. गाडी यायची, इंजिन सुटायचं, दुसरं लागायचं, आणि तेवढ्यात प्रवाशांचा चहा-वडा व्हायचा. २००६ मध्ये घाटातही एसी वीज आली आणि ती हद्द हलली. व्होल्टेज वाढलं की इन्शुलेशनची परीक्षा वाढते. इंजिनातले आणि सबस्टेशनातले विजेचे मापक ट्रान्सफॉर्मर, बसबारचे आधार, यांत आता इपॉक्सी आणि सिलिका असते. उघड्यावर, पावसात आणि धुक्यात, गोष्ट वेगळी. तिथे ओल्या धुळीवरून वीज सरपटते आणि पृष्ठभाग जाळत जाते. त्यासाठी दुसरी भर निघाली, ॲल्युमिनियम ट्रायहायड्रेट. ही पांढरी पूड दोनशे अंशांपलीकडे तापली की आपल्या वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त पाणी वाफेच्या रूपानं सोडते आणि जळणाऱ्या जागेला स्वतःच थंड करते. तारांवरच्या सिलिकॉन रबरी इन्शुलेटरमध्येही तीच असते.

भरीच्या बाजूनं इतकं बोललो, तर भर नको असते त्या जागेचंही उदाहरण द्यायला हवं, आणि ते महाराष्ट्रातलंच आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या धरणाला वरच्या भागात, जिथे उतार बदलतो तिथे, आडव्या भेगा गेल्या. दुरुस्तीत या भेगांमध्ये इपॉक्सी रेझिन दाबानं भरण्यात आलं. पोलादी तारांनी ताण देऊन भिंत बांधून घेतली आणि पुढे मागच्या अंगाला आधार उभारले. केसाएवढ्या बारीक भेगेत रेझिन शिरायचं तर ते पाण्यासारखं पातळ हवं. पीठ घातलं तर कण भेगेच्या तोंडाशीच अडकून बूच बसेल. शिवाय भेगेतला रेझिनचा थर इतका पातळ असतो, की उष्णता आणि आक्रसणं यांची फारशी भीती नसते. आजूबाजूचं धरण हीच त्याची भर.

गेल्या तीस वर्षांत संशोधनाचा ओढा नॅनो कणांकडे आहे. मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे कण, आणि वजनानं साठऐवजी दोन-पाच टक्के. एवढ्याशा पुडीनं ठिणग्यांना तोंड देण्याची ताकद वाढते असं प्रयोगशाळांतून दिसलं आहे. ते कण गुठळ्या न होता मिसळणं हे मात्र कठीण काम आहे. आमच्या मिक्सरवर मला तरी ते जमताना दिसलं नाही. रोजच्या उत्पादनात अजून पोत्यातली पावडरच चालते.

त्या पोत्याबद्दल शेवटचं. गारगोटी दळली की तिची सर्वांत बारीक धूळ हवेत राहते आणि छातीत जाते. फुप्फुसात बसलेला तो कण विरघळत नाही, त्याच्याभोवती व्रण धरत जातो. याला सिलिकोसिस म्हणतात. झालेला सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही. मध्य प्रदेशातल्या मंदसौरकडे पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांमध्ये तो फार मोठ्या प्रमाणावर आढळला. आपण सगळे ज्या पेन्सिलींनी अ-आ-इ गिरवायला शिकलो त्या पेन्सिली. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं स्फटिक सिलिकाची धूळ माणसात कर्करोग घडवणारी म्हणून नोंदवली. रेझिनात मिसळून कडक झालेला कण निरुपद्रवी असतो. धोका त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत असतो, पोतं फोडून ओतताना, आणि नंतर कास्टिंग घासताना.

मी कामाला लागलो तेव्हा पावडर ओतणारा माणूस तोंडाला रुमाल बांधत असे. रुमालातून हे कण सरळ आत जातात. संध्याकाळी त्याच्या भुवया पांढऱ्या दिसत, आणि आम्ही त्यावर विनोद करत होतो. पुढे धूळ ओढून घेणारे पंखे आले, बंद नळीतून पावडर जाऊ लागली, योग्य मास्क आले. पण हे मोठ्या कारखान्यांत. गाळ्यात चालणाऱ्या लहान वर्कशॉपमध्ये अजूनही पोतं हातानंच फुटतं. तिथे काम करणारं कुणी ऐकत असेल तर त्यांनी एवढं करावं. पोतं उंचावरून झटकू नका, भांड्याच्या तोंडाशी धरून हळू ओता. झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. मास्क धुळीच्या कणांसाठीचा आहे ना, ते विचारून घ्या. आणि छातीचा एक्स-रे दरवर्षी मालकाकडून मागून घ्या.